फवारणाऱ्याचा अहवाल

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या बागेत काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येतो. वेगवेगळ्या ओळींतून तो घड घेतो, पिशवी मोहोरबंद करतो, तिच्यावर प्लॉटचा नोंदणी क्रमांक घालतो आणि घेऊन जातो. काही दिवसांत अहवाल येतो. त्यात कीटकनाशकं, बुरशीनाशकं, वाढरोधकं यांची लांबलचक यादी असते आणि प्रत्येकापुढे किलोमागे किती मिलिग्रॅम अंश सापडला त्याचा आकडा. ज्या रसायनाला युरोपने वेगळी मर्यादा दिलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते, म्हणजे एका किलोत ग्रॅमचा एक लाखावा भाग. तेवढा ओलांडला की माल त्या बाजारातून बाद.

ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत त्याच प्लॉटमध्ये ज्याने पंप पाठीवर घेतला, ज्याने ड्रममध्ये औषध कालवलं, जो ब्लोअर लावलेल्या ट्रॅक्टरवर बसून ओळीओळीने फिरला, त्याच्या अंगात काय उतरलं याचा अहवाल कोणी मागत नाही. तो निघतच नाही. हे पुस्तक त्या माणसासाठी आणि त्याच्याबरोबर राबणाऱ्या बाईसाठी लिहिलेलं आहे. मात्र मालक, डॉक्टर, कृषी सहायक आणि औषधाचे दुकानदार यांनीही ते वाचावं, किंबहुना आधी त्यांनीच वाचावं, असं मला वाटतं.

द्राक्षावरचं विष मोजण्याची शिस्त आपल्याकडे आपोआप आलेली नाही. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यात धोक्यात आली. त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली रेसिड्यू तपासणीची पद्धत बसली. २००६ पासून अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाच्या ‘ग्रेपनेट’वर निर्यातीची प्रत्येक बाग नोंदली जाऊ लागली. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्याचे, अंश निघाले आणि कंटेनर युरोपच्या बंदरांत अडकले. त्या हंगामाचा फटका कित्येक बागायतदारांना पुढची काही वर्षं पुरला. पण त्यातून सगळे शिकले. आज निर्यातीची बाग करणाऱ्या शेतकऱ्याला ‘अ‍ॅनेक्शर फाइव्ह’ची यादी जवळजवळ पाठ असते: कोणतं औषध, किती मात्रा, काढणीच्या किती दिवस आधी बंद, युरोपची मर्यादा किती. दहावीपर्यंत शिकलेला बागायतदार ‘पीएचआय’ (काढणीआधी थांबायचे दिवस) आणि ‘एमआरएल’ (अंशाची कमाल मर्यादा) हे शब्द सहज वापरतो. हे आपल्या शेतकऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून करून दाखवलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि म्हणूनच उरलेली निम्मी गोष्ट राहून गेल्याचं दुःखही तितकंच आहे. ती यादी द्राक्ष खाणाऱ्यासाठी तयार झाली. द्राक्ष पिकवताना औषधाच्या ढगात उभं राहणाऱ्यासाठी तशी यादी, तशी नोंद, तसा नमुना कधी बसवलाच गेला नाही, कारण ते मागणारं गिऱ्हाईक कोणी नव्हतं.

कन्हेरी हे बारामतीच्या जवळचं, काटेवाडीला लागून असलेलं गाव. महाराष्ट्राला ते माहीत आहे ते मारुतीमुळे. पवार घराण्याच्या निवडणूक प्रचाराचा पहिला नारळ इथल्या मारुतीपुढे फुटतो आणि त्या दिवशी साऱ्या वाहिन्यांच्या गाड्या गावात येतात. एरवी हे कष्टकरी गाव आहे, जसं या पट्ट्यातलं कोणतंही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डावा कालवा आला आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या दुष्काळी मुलखाचा एक भाग हिरवा झाला. कालव्याखाली ऊस, तर कालव्याच्या वर विहिरी, शेततळी आणि ठिबकवर डाळिंब, द्राक्ष, टोमॅटो, मिरची, ढोबळी. इंदापूर तालुक्यातलं बोरी द्राक्षांसाठी ओळखलं जातं, निमगाव केतकी पानमळ्यांसाठी आणि डाळिंबासाठी. शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र, माळेगावची अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था, उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा अलीकडचा प्रयोग, अशा किती गोष्टी एकट्या बारामती तालुक्यात आहेत. उसाच्या पानाला पाणी कमी पडतंय की नत्र, हे इथे उपग्रहाच्या चित्रावरून सांगितलं जातं. मी या मुलखात वाढलो. इथलं मोजमापाचं वेड मला ठाऊक आहे आणि ते मला आवडतं. त्या मोजमापात मजुराचं रक्त यावं, एवढंच या प्रस्तावनेचं म्हणणं आहे.

फवारणी कशी होते ते आधी जवळून पाहू. सकाळी लवकर निघायचं, कारण ऊन चढल्यावर औषध वाया जातं. ड्रम किंवा दोनशे लिटरची टाकी पाण्याने भरायची. पावडर असेल तर आधी बादलीत कालवायची, काठी न मिळाल्यास हातानेच. बाटलीचं झाकण उघडून त्यातच औषध मोजायचं. कीड जास्त असेल तर कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि स्टिकर एकत्र, कधी चार, कधी पाच. सगळ्यांत दाट आणि म्हणून सगळ्यांत घातक औषध याच पाच मिनिटांत हाताळलं जातं, आणि याच पाच मिनिटांत हात उघडे असतात. मग सोळा लिटरचा पंप पाठीवर घ्यायचा. झाकणाचं वायसर झिजलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक पावलाला थोडं औषध मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून खाली कमरेत उतरतं. नोझल तुंबलं की ते काढून तोंडाने फुंकायचं. घाम आला की हाताच्या मागच्या बाजूने कपाळ पुसायचं. दुपारी बांधावर बसून भाकरी.

यात तोंडावाटे जाणाऱ्या औषधापेक्षा कातडीतून जाणारं औषध जास्त असतं, आणि तेच लक्षात येत नाही. पॅराथिऑनवर १९७०च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की मनगट ते कोपर या भागातून जेवढं औषध शोषलं जातं, त्याच्या साधारण चौपट कपाळातून आणि जवळजवळ बारापट पुरुषाच्या अंडकोषाच्या कातडीतून शोषलं जातं. म्हणजे गळक्या पंपाचं पाणी कमरेखाली मुरणं हे हातावर शिंतोडे उडण्यापेक्षा कितीतरी वाईट. पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधणारे जुने गडी हे प्रयोगाशिवायच ओळखून होते. पंपाचं वायसर बदलायला फार तर काही रुपये लागतात. हातमोज्यांवर व्याख्यान देण्याआधी आपण वायसरबद्दल का बोलत नाही, हे मला कधीच कळलेलं नाही.

आत गेलेलं औषध काय करतं? ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन मोठ्या गटांपुरतं सांगतो, कारण सर्वांत जास्त माणसं त्यांनीच आजारी पडली आहेत. ऑर्गॅनोफॉस्फेटचा जन्म युद्धाच्या छायेतला आहे. जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकं शोधत होता. १९३६ साली त्याच्या हाती टॅबुन लागलं, जे पुढे लष्कराने विषारी वायू म्हणून तयार केलं. त्याच कुळातली सौम्य भावंडं शेतात आली. आपल्या शरीरात मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप जातो तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याने. निरोप पोचला की ते द्रव्य लगेच मोडायला हवं, आणि ते काम कोलिनेस्टरेज हे विकर करतं. औषध या विकरालाच जखडून ठेवतं. मग निरोप थांबतच नाहीत. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब सुरू होतात. बुबुळातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, मांड्यांचे आणि पापण्यांचे स्नायू फडफडतात, छातीत घरघर होते आणि शेवटी श्वास ओढणारे स्नायूच थकतात. वेळेवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा मिळाला तर माणूस वाचू शकतो.

एवढं पुष्कळांनी ऐकलेलं असतं. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे तांबड्या पेशींतलं हे विकर एकदा खाली गेलं की वर यायला फार वेळ लागतो, दिवसाला जेमतेम एक टक्का. आज फवारणी केली, विकर थोडं उतरलं, काहीच जाणवलं नाही. तीन दिवसांनी पुन्हा फवारणी, आणखी थोडं उतरलं. डोकं दुखतं, झोप येत नाही, जेवण जात नाही, चिडचिड होते. ऊन लागलं असेल म्हणून गोळी घेतली. असं महिना-दीड महिना चालतं आणि मग एखाद्या दिवशी नेहमीएवढंच, किंवा नेहमीपेक्षा कमीच, औषध अंगावर येऊन माणूस बांधावर कोसळतो. “आम्ही तर रोज मारतो, आम्हाला काही होत नाही” असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याला जे होतंय ते अजून दिसण्याइतकं झालेलं नसतं. ते दिसण्याआधी सांगणारी रक्ताची तपासणी आहे, ती जुनी आहे आणि अवघड नाही.

द्राक्षबागेतलं एक काम याहून वेगळं आहे आणि त्याकडे तर कोणाचंच लक्ष नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्याला सगळे पेस्ट म्हणतात. बोळा किंवा कापड औषधात बुडवून एकेका डोळ्यावर लावायचं, काडीमागून काडी, ओळीमागून ओळ. टोळीतल्या बायकापुरुषांचे हात दिवसभर त्या द्रावणात असतात, आणि मंडप डोक्यावर असल्याने वरचे थेंब चेहऱ्यावर आणि मानेवर पडतात. हातमोजा फाटला की बोटांच्या बेचक्यांत कातडी भाजते, सोलते. या औषधाची दुसरी खोड जीवघेणी आहे. ते अंगात असताना दारू पोटात गेली तर चेहरा लालभडक होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, श्वास लागतो. दिवसभर राबून संध्याकाळी घोटभर घेणाऱ्या गड्याला हे कोणी सांगितलेलं नसतं. काम झाल्यावर एक-दोन दिवस दारू वर्ज्य, हे वाक्य पेस्टच्या प्रत्येक बादलीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असायला हवं. इटलीत २०००च्या सुमारास मजुरांना बाधा झाल्यावर या रसायनाची विक्री काही काळ थांबवली गेली. २००८ साली युरोपीय संघाने त्याला मान्यता नाकारली, आणि त्यामागचं एक मुख्य कारण काम करणाऱ्याची सुरक्षितता हे होतं. जो युरोप आपल्या घडावरचे अंश तपासतो, त्याने आपल्या मजुरांच्या हातातून हे काढून घेतलं. आपल्या मजुरांच्या हातात ते राहिलं, कारण काढणीपर्यंत घडात त्याचा मागमूस उरत नाही आणि अहवाल स्वच्छ येतो.

बायकांबद्दल आणखी थोडं. फवारणी पुरुषाचं काम, असं आपण धरून चालतो. पण पाणी आणून देणारी, नळी ओढणारी, फवारलेल्या बागेत दुसऱ्या दिवशी विरळणीला जाणारी, फवारलेल्या भाजीत त्याच दिवशी खुरपायला बसणारी बाई असते. उसाच्या टिपऱ्या बेणेप्रक्रियेच्या टाकीत बुडवून काढणारे हातही बऱ्याचदा तिचेच. संध्याकाळी औषधाने भिजलेला शर्ट ती घरच्या कपड्यांबरोबर, लेकराच्या दुपट्याबरोबर धुते. तिची नोंद फवारणी करणाऱ्यांत होत नाही, त्यामुळे तिला दुखलं-खुपलं तर ते अशक्तपणा, रक्त कमी, बायकी तक्रार यांत जमा होतं. इटलीतल्या मोदेनाच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कष्टकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं की रोग्याला इतर प्रश्न विचारताना त्याचा धंदाही विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत भोवळ आली म्हणून आलेल्या बाईला “काल कोणत्या रानात होतीस, तिथे काय मारलं होतं?” हा प्रश्न विचारला जायला हवा.

महाराष्ट्राला या विषयाची जाग आली ती २०१७ साली यवतमाळमुळे. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, बोंडअळी बीटी वाणालाही जुमानत नव्हती आणि बारीक तुषार जोरात फेकणारे नवे पंप बाजारात आले होते. उंच पिकात शिरून वरच्या दिशेने फवारायचं, म्हणजे सगळं तोंडावर. जुलैपासून माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येऊ लागली. कोणाची दृष्टी गेली होती, कोणी भ्रमिष्टासारखं बोलत होतं, कोणाला बांधून ठेवावं लागत होतं. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. त्यांतले पुष्कळ भूमिहीन मजूर होते, दुसऱ्याच्या रानात पंपामागे पैसे घेऊन फवारणारे. एका पंपात अनेक औषधं एकत्र केलेली, त्यामुळे नेमकं काय भिनलंय हे डॉक्टरांनाही कळेना. कोलिनेस्टरेजची तपासणी तिथे होत नव्हती, हेही तेव्हाच बाहेर आलं. मोनोक्रोटोफॉस, अ‍ॅसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड या पाच औषधांवर विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी आली. कायद्याने राज्याला एका वेळी तेवढीच बंदी घालता येते. मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख रुपये मिळाले. चौकशी झाली, आणि अहवालाचा बराचसा रोख फवारणाऱ्यांच्या निष्काळजीपणावर राहिला. पुढे ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार गेली, बासेलच्या न्यायालयात दावाही दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. ही कंपनी विकत असलेलं जे डायफेन्थियुरॉन यवतमाळमधल्या वणीच्या आणि आर्णीच्या रानांत फवारलं जात होतं, ते खुद्द स्वित्झर्लंडमध्ये २००९ सालीच बाद झालं होतं.

यवतमाळ हे विदर्भाचं, कोरडवाहू कापसाचं दुखणं आहे, आपल्या बागायती पट्ट्याशी त्याचा संबंध नाही, असं पुणे जिल्ह्यात पुष्कळांनी मनाशी ठरवून टाकलं. मला ते पटत नाही. कपाशीवर हंगामात जेवढ्या फवारण्या होतात, त्याच्या कितीतरी पट द्राक्षावर होतात. पावसाळी हवेत डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने रोज, कधी दिवसातून दोनदा. डाळिंबावर तेल्या रोग आला की शेतकऱ्याचा धीर सुटतो आणि हातात येईल ते मारलं जातं. हुमणी अळीसाठी थिमेटचे, म्हणजे फोरेटचे, दाणे वर्षानुवर्षं उघड्या हाताने सरीत टाकले गेले. फोरेटवर २०२० अखेर बंदी आली तोपर्यंत एका पिढीने ते असंच हाताळलं होतं. फरक एवढाच की इथे माणसं एकदम आणि एकाच दवाखान्यात येत नाहीत. एखादा कन्हेरीहून बारामतीला जातो, एखादा सणसरहून भवानीनगरला, एखादा घरीच लिंबूपाणी पिऊन झोपतो.

निष्काळजीपणा या शब्दापाशी मला थांबायचं आहे, कारण या विषयावरची प्रत्येक चर्चा तिथेच येऊन संपवली जाते. मास्क घातला नाही, चष्मा घातला नाही, बूट घातले नाहीत. ऑक्टोबर हीटमध्ये, मंडपाखालच्या दमट हवेत, पाठीवर सोळा लिटरचं ओझं घेऊन पूर्ण सूट घालून चार तास उभं राहून दाखवा, असं मी सूचना देणाऱ्यांना हात जोडून सांगेन. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांची कीटकनाशक व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता तर याहून स्पष्ट आहे. ज्या औषधासाठी गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते औषध उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या बाबतीत टाळावं, असं ती सांगते. म्हणजे सूट घालणं शक्य नसेल तर औषध बदलायचं. आपण मात्र औषध तेच ठेवतो आणि माणसाला दोष देतो. लेबलाचंही तसंच. लाल, पिवळा, निळा, हिरवा यांपैकी एका रंगाचा त्रिकोण डब्यावर असतो. लाल सर्वांत जहाल. पण सूचनांचा कागद अनेक भाषांत छापलेला, इतक्या बारीक अक्षरांत, की चाळिशीच्या माणसाला चष्म्यानेही वाचता येऊ नये.

कायदा आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या धान्याने शंभराहून जास्त माणसं मेली, त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १९६८चा कीटकनाशक कायदा, १९७१चे नियम आले. त्या नियमांत संरक्षक कपडे, प्रथमोपचार, उतारा, वैद्यकीय तपासणी सगळं लिहिलेलं आहे. कायद्याच्या २६व्या कलमानुसार राज्य सरकार विषबाधेच्या प्रत्येक घटनेची नोंद बंधनकारक करू शकतं. कागद चांगला आहे. पण तो लिहिताना डोळ्यांसमोर कारखाना आणि गोदाम होतं. बांधावरचा रोजंदारीचा माणूस त्यात बसवायचा तर कोणीतरी ते काम अंगावर घ्यावं लागेल.

नुकसानभरपाईचं तर सरळच सांगतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेला धरते, ही चांगली गोष्ट आहे. मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि २०१९ पासून त्याच्या घरातल्या आणखी एकासाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, जो रोज दुसऱ्याच्या बागेत पंप मारतो, सर्वांत जास्त औषध ज्याच्या अंगावर येतं, तो या योजनेत नाही. यवतमाळमध्ये सरकारने खास बाब म्हणून मदत दिली. प्रत्येक वेळी वीस माणसं मेल्यावरच खास बाब करायची का?

भरीला पोलिसांची भीती. विषबाधेचा रोगी आला की दवाखाना पोलिसांना कळवतो. फवारणीत लागलं की मुद्दाम प्यालं, हा पहिला प्रश्न असतो आणि घरचे त्यानेच घाबरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदींत कीटकनाशकाच्या ‘अपघाती सेवना’ने झालेले मृत्यू मोजले जातात. काम करताना लागलं, हे त्यात वेगळं दिसत नाही, आणि जो वाचला तो कुठेच मोजला जात नाही. जगभरात दरवर्षी किती लोकांना नकळत कीटकनाशकाची तीव्र बाधा होते, याचे नुसते अंदाज काढले जातात. त्या अंदाजांत आपली माणसं आहेत. ती किती आणि कोणत्या गावची, हे आपल्याला माहीत करून घ्यायचं आहे.

हे जमतं का? जमतं, आणि तेही द्राक्षाच्याच मुलखात जमलं आहे. कॅलिफोर्नियाच्या डेलानो भागात १९६५ साली द्राक्षमजुरांचा संप झाला. सीझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेने १९७०च्या करारांत कीटकनाशकांची कलमं घालून घेतली. पुढच्याच वर्षापासून त्या राज्यात कीटकनाशकाच्या बाधेचा संशय असलेला प्रत्येक रोगी कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक झालं. १९७४ पासून ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट नियमित हाताळणाऱ्या मजुराचं कोलिनेस्टरेज हंगामाआधी एकदा आणि मग ठरावीक काळाने तपासायचं, एका मर्यादेखाली गेलं तर त्याला त्या कामावरून काढून दुसरं काम द्यायचं, अशी पद्धत बसली. तिथले प्रश्न संपले नाहीत. १९८८ साली चावेझ यांनी द्राक्षावरच्या कीटकनाशकांसाठीच ३६ दिवसांचं उपोषण केलं. पण मजुराचं रक्त तपासायचं असतं, हे तिथे ठरून गेलं.

कन्हेरीपासून थोड्याच अंतरावर, बारामतीत, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, सहकारी साखर कारखाने आहेत, द्राक्ष बागायतदारांची संघटना आहे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या फवारणाऱ्यांचं आणि पेस्ट लावणाऱ्या टोळ्यांचं रक्त एकदा तपासून आकडा कार्डावर लिहून द्यायचा, आणि डिसेंबरात पुन्हा तपासायचं, हे अशक्य आहे असं कोणी मला पटवून देऊ शकणार नाही. खरेदीदार मागतो म्हणून बागायतदार दर हंगामाला घडाच्या तपासणीचे हजारो रुपये भरतात. त्याच खर्चात दोन-तीन मजुरांची तपासणी बसते. निर्यातदारांनीही स्वतःहून तसं मागावं. युरोपातल्या गिऱ्हाइकाला आपली द्राक्षं कोणाच्या हाताने पिकली हे विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याने तो बजावावा अशी माझी इच्छा आहे. सोबत सातबारा नसलेल्या मजुराला अपघात योजनेत घ्यावं. ते एका शासन निर्णयाचं काम आहे.

हे पुस्तक यातलं सगळं करू शकत नाही. ते एवढंच सांगतं की कोणत्या गटाचं औषध अंगात काय करतं, कोणती लक्षणं दिसली की काम तिथेच थांबवायचं, भिजलेले कपडे कसे काढायचे, साबणाने किती वेळ धुवायचं, कोणत्या औषधात उलटी करवायची नाही, आणि दवाखान्यात जाताना बाटली किंवा तिचं लेबल बरोबर का न्यायचं. हायड्रोजन सायनामाइडवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते पेस्ट लावण्याच्या आठवडाभर आधी टोळीला मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा भाषेत लिहिलं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठीचं प्रकरण छोटं आहे, कारण त्यात सांगायचं एकच आहे: त्यांना या कामावर लावू नका, आणि त्यांचा रोज कापू नका.

प्रथमोपचाराचं पान मुद्दाम सुटं छापलं आहे. ते काढून पंप ठेवतात त्या खोलीच्या दारावर आतून चिकटवावं. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८ आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हे दोन नंबर आहेत. तिसरी ओळ कोरी सोडली आहे. तिच्यावर आपल्या गावापासून सर्वांत जवळच्या, रात्रीही डॉक्टर आणि अ‍ॅट्रोपिन हजर असलेल्या दवाखान्याचा नंबर पेनाने लिहावा, आणि तो लिहिण्याआधी तिथे एकदा जाऊन विचारून यावं.